महारुद्ररावांची चार चाकांची येळवस

महारुद्रराव बिराजदारांनी आयुष्यात तुलना केल्याशिवाय पत्करलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांची बायको. आणि तेही त्यांच्या वडिलांना घाई होती म्हणून. बाकी सगळं तोलूनमापून. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत पिकांचे, पावसाचे आणि जनावरांचे तक्ते भरलेला माणूस निवृत्त झाला तरी त्याच्या हातातलं पेन काही निवृत्त होत नाही. धाराशिवच्या घरात छताला पंखा लावायचा होता, तर त्यांनी तीन उन्हाळे अभ्यास केला. चौथ्या उन्हाळ्यात निर्णय झाला, तोवर ती कंपनीच बंद पडली होती. द्वारकाबाईंनी मधल्या काळात पुठ्ठ्यानं वारा घेऊन मनगट चांगलं कमावलं.

अशा माणसानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता जाहीर केलं, "यंदा येळवशीला शेतात जायचं म्हणजे जायचंच. तुझ्यासाठी गाडी बघायलोय."

येळवस म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतील. बाहेरच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी अख्खा जिल्हा घराला कुलूप लावून रानात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, जोडीनं पूजा करायची, आणि मग शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवायचं की संध्याकाळी घरी कसे आलो ते आठवू नये. बांधावरनं जाणाऱ्यालासुद्धा हात धरून पंगतीला बसवायचं. त्या दिवशी घरात सापडणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर भावकीत भांडलेला.

बिराजदार जोडपं दोन वर्षं घरात सापडलं होतं. शेत तेरच्या शिवारात. गाडीरस्ता संपल्यावर एक ओढा आणि त्यापुढं पाऊण किलोमीटर बांधावरची वाट. कुणी विचारलं की महारुद्रराव सांगत, "हिचे गुडघे हो. डॉक्टर नको म्हणालेत." द्वारकाबाई शेजारी बसून ऐकत आणि गप्प राहत. पहिल्या वर्षी त्यांनी उंडे करून बालाजीकडं, म्हणजे शेत बटईनं करणाऱ्याकडं, पाठवून दिले. दुसऱ्या वर्षी गच्चीवर बसून तेरच्या दिशेला बघत बघत खाल्ले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. महारुद्ररावांनी ते पाहिलं आणि भज्जी तिखट झालीय का म्हणून विचारलं.

आता एक गोष्ट कानात सांगतो, गल्लीत जाऊ देऊ नका. द्वारकाबाईंचे गुडघे दुखायचे हे खरंच. पण त्याच्या दुप्पट महारुद्ररावांचे दुखायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांचा गुडघा वाकवून बघितला तेव्हा जो आवाज आला, तो ऐकून बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला होता. त्या दिवसापासून हा माणूस जिना चढताना मध्येच थांबून कठड्याला गंज चढलाय का ते तपासू लागला. पाहुण्यांना निरोप द्यायला उठायची वेळ आली की त्यांना हमखास फोन येई. कबूल कसं करायचं? समोरच्या घरात गुरुलिंगअप्पा राहत. वयानं दोन वर्षांनी मोठे, आणि रोज पहाटे हातलादेवीचा डोंगर चढून आल्यावर गल्लीच्या तोंडापासूनच आपली खबर देत येत. त्यांच्यासमोर गुडघ्याचं नाव काढण्यापेक्षा महारुद्ररावांनी गुडघाच काढून दिला असता.

तर गाडी. सल्ले द्यायला गल्ली तयारच होती. ट्रॅक्टर म्हणावा तर दोन्ही अंगाला उभी ज्वारी, मध्ये बांध. बैलगाडी म्हणावी तर बालाजीनं बैलं विकून टाकलेली. गुरुलिंगअप्पांनी ओट्यावरनं निकाल दिला, "घोडं घ्या, बिराजदार. घोडं पंक्चर हुत न्हाय."

घोड्याचाही विचार झाला असता. पण येडेश्वरीच्या दर्शनाहून येताना येरमाळ्याला चहाला थांबले आणि हॉटेलामागं त्यांना ती दिसली. चार जाड चाकं, मोटारसायकलीसारखं हँडल, आणि पुढं मुरमाचा ढीग असला तरी त्याच्यावरनं सरळ पलीकडं. हॉटेलवाला नागप्पा यात्रेत तिच्यावर पोरांना फेऱ्या मारून आणायचा. म्हणाला, "एटीव्ही म्हनत्यात हिला. रान, दगूड, चिक्कूल, कायबी असू द्या, चालतीच." महारुद्ररावांचा चहा गार झाला. या वयात माणूस असा एखाद्या वस्तूवर भाळावा हे बरं नव्हे, पण भाळला. फरक इतकाच की भाळल्यावरसुद्धा त्यांनी आधी पट्टी आणि पेन्सिल काढली.

प्रश्न तसा साधा होता. देशी, चिनी आणि अमेरिकन अशा या गाडीच्या तीन जाती. पाच-सात वर्षांत कुठली कमी बिघडते, आणि बिघडली तर दुरुस्तीला किती लागतात? महिनाभर ते यष्टीनं जिल्हा फिरले. या गाड्या बाळगणारे लोक मुळात मूठभर, आणि त्यातला एकही खरं बोलायला तयार नाही. आपल्या गाडीचा दोष सांगायचा म्हणजे जावयाचा दोष सांगितल्यासारखं झालं. नागप्पानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "सा वर्सं झाली सायेब, पान्हा लावला न्हाय." त्या वेळी गाडीचं मागचं एक चाक गायब होतं आणि तिथं विटा रचलेल्या होत्या.

"मग या विटा?"

"त्या कंपनीच्याच हाईत."

शेवटी ते हैदर मिस्त्रीकडं गेले. धाराशिवात असल्या गाड्यांना हात लावणारा तो एकच. त्याच्या दुकानात बसायला उंच स्टूल होतं, म्हणून महारुद्रराव त्याच्याकडं चार-चार तास अभ्यास करत बसत.

"हैदरभाई, ही गाडी वर्षातनं किती वेळा बिघडते?"

"किती येळा चालती ते इच्यारा सायेब. मोजायला आसान पडंल."

मालकांचा आकडा शून्य, मिस्त्रीचा, फारच खोदून विचारल्यावर, बावीस. महारुद्ररावांनी रीतसर सरासरी काढली ती अकरा, आणि ती दोन्ही बाजूंनी फेटाळली गेली. मग सोलापूरच्या एका विक्रेत्याला फोन लावला. तिकडचा माणूस गोड बोलणारा होता. "सर, आमची गाडी बिघडतच नाही." समजा इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवणारा पट्टा तुटलाच, तर नवा किती दिवसांत मिळतो? "पंचेचाळीस दिवस, सर." न बिघडणाऱ्या गाडीच्या पट्ट्याला पंचेचाळीस दिवस का? "मागणी फार आहे, सर."

हैदरनं एक गोष्ट मात्र मनापासून सांगितली होती. "किलोमीटरवर जाऊ नका सायेब. गाडी किती दिस उबी हुती ते बघा. चालती गाडी कुरकुर करून सांगती तरी. उबी ऱ्हायलेली आतल्या आत खराब हुती आन् आयत्या वक्ताला बसती." महारुद्ररावांनी मान डोलावली. पण तक्त्यात उभं राहण्याचा रकाना नव्हता, आणि एकदा आखलेला तक्ता मोडणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

मग नोंदणी. गाड्यांच्या कचेरीतला कारकून भला माणूस होता, पण त्याच्या छापील अर्जात ही गाडी बसेना.

"छप्पर हाय का?"

"नाही."

"दारं?"

"नाहीत."

"मग मोटारसायकल लिवू?"

"चाकं चार आहेत हो."

"नांगूर ओढती?"

"ओढेलही. पण आम्हाला बायकोला न्यायचंय."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "घ्या सायेब, खुशाल घ्या. फकस्त रस्त्यावर आनू नका."

"अहो, पण रानात न्यायला रस्ता लागतो की."

"टेम्पूत घालून न्या."

म्हणजे डोंगर, दगड, चिखल कुठंही चालणारी ही गाडी डांबरी रस्त्यावर तेवढी चालणार नव्हती. महारुद्ररावांनी हे लेखी मागितलं. चार खेपा झाल्यावर लेखी आलं ते असं, की अर्ज संबंधित टेबलाकडं पाठवला आहे. टेबल तेच होतं. कारकुनानं त्यांच्यासमोर अर्ज उजवीकडनं उचलला आणि डावीकडं ठेवला.

इतकं होईपर्यंत मार्गशीर्ष लागला. द्वारकाबाईंनी बाजरी निवडायला काढली. वाल, हरभरा, तुरीच्या ओल्या शेंगा येऊन पडल्या. एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता त्यांनी वर न बघता विचारलं, "जानं हुईल का हो यंदा तरी?"

एवढंच. पण यंदा नाही झालं तर ही पुन्हा विचारणार नाही, हे महारुद्ररावांना कळलं. "होणार म्हणजे होणारच!" ते इतक्या जोरात म्हणाले की समोरच्या ओट्यावर गुरुलिंगअप्पा उठून उभे राहिले.

विकत घ्यायला वेळ उरला नव्हता, म्हणून गाडी मागून आणायचं ठरलं. जळकोटला त्यांचा चुलत पुतण्या युवराज. साठ एकर बागायत, आणि हौस त्याहून मोठी. पाच वर्षांपूर्वी त्यानं अमेरिकन गाडी घेतली, गावाला तीन वेळा दाखवली आणि गोठ्यात लावली. हल्ली तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. "न्या की काका. मशीन लई इमानी हाय. फकस्त जपून, परत जशीच्या तशी पायजे." तीनशे किलोमीटर फक्त फिरलेली! महारुद्रराव हरखून गेले.

गाडी धाराशिवला आल्यावर हैदरनं तिच्या पोटातला पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "वाळलाय. बदलावा लागतोय."

"अहो, पट्टा आठ हजार किलोमीटर टिकतो. अजून सात हजार सातशे शिल्लक आहेत," महारुद्ररावांनी तक्ता उघडून दाखवला.

"खरंय सायेब. पन पट्ट्याला वाचता येत न्हाय."

महारुद्रराव मनापासून हसले आणि त्यांनी हैदरला आणि त्याच्या बायकोला, रजियाबीला, येळवशीचं जेवायचं आमंत्रण दिलं. पट्टा तोच राहिला.

येळवशीच्या दिवशी सकाळी टेम्पोनं गाडी ओढ्याच्या अलीकडं उतरवली आणि टेम्पोवाला पळाला, त्यालाही त्याच्या रानात जायचं होतं. महारुद्ररावांनी टोपी नीट केली. मागं द्वारकाबाई, अंगावर हिरवं इरकल, मांडीवर आंबिलीची घागर. गाडी एका दमात चालू झाली. बांधावरनं जाणारी माणसं थांबून बघू लागली. महारुद्ररावांनी या क्षणासाठी चेहऱ्यावर एक साधा, नम्र भाव ठरवून ठेवला होता, पण तो टिकला नाही. ते सगळे दात दाखवून हसत ओढ्यात उतरले.

बरोब्बर मध्यावर पोटातनं 'फट्ट' असा आवाज आला. इंजिन चालू, जोरात चालू, पण चाकं जागच्या जागी. पोटरीभर पाण्यात गाडी बसली.

काठावर माणसं जमली. आमच्याकडं अडलेल्याला मदत करायला कुणी मागं हटत नाही. फक्त ती मदत तोंडी असते. एक म्हणाला मागं घ्या. एक म्हणाला नारळ फोडला होताव का? एका म्हातारीनं गाडीची नजर काढायला सांगितली. "सायेब, उतरा, हलकी हुईल," असं कुणीतरी म्हणाल्यावर महारुद्ररावांनी तातडीनं मोबाइल काढला. हैदर वाटेवर असणार, पण अभ्यासात गोळा केलेले बाहेरगावच्या पाच मिस्त्र्यांचे नंबर होते. पहिल्याचं तोंड भरलेलं होतं, "आं? कोन? आंबील पेयालोय सायेब, उद्या." दुसरा म्हणाला, गाडीचं मरू द्या, येडशीच्या शिवारात हाय, या जेवायला. तिसऱ्याचंही तेच, चौथ्याचंही तेच, आणि पाचवा तर कुठनं यायचं ती वाटसुद्धा समजावून सांगू लागला. पाच आमंत्रणं मिळाली, पान्हा एकही नाही. सुट्या भागाला किती दिवस, मजुरी किती, सगळं त्यांनी टिपलं होतं. पण गाडी लागणार येळवशीला, आणि येळवशीला जिल्ह्यातलं एकही दुकान उघडं नसतं, हे धाराशिवात जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तेवढ्यात हैदर आणि रजियाबी फटफटीवरनं आले. हैदरनं पाण्यात उतरून झाकण काढलं, आत हात घातला आणि पट्ट्याच्या चिंध्या बाहेर काढल्या. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

द्वारकाबाईंनी घागर हैदरच्या हातात दिली, चपला काढल्या आणि पाण्यात उतरल्या.

"अगं, कुठं निघालीस? तुझे गुडघे!"

"जाते हळूहळू. रजियाबी हाय की संगं."

आणि निघाल्या. पलीकडचा काठ कमरेइतका उंच, तो दोघी एकमेकींना ओढत चढल्या. मग बांधावर चार पावलं, बसणं, गप्पा, उठणं, पुन्हा चार पावलं. मध्येच दोघी कशाला तरी इतक्या हसल्या की ओढ्यापर्यंत ऐकू आलं. ते हसणं आपल्यावरचं आहे की काय, अशी महारुद्ररावांना शंका आली.

"चला की सायेब," घागर खांद्यावर घेऊन हैदर म्हणाला.

"दुसऱ्याची अमानत आहे, हैदरभाई. सोडून कसा येऊ?"

"मालकाला चालत न्हाय ती चोराला काय चालनार?"

पण महारुद्रराव हलेनात. अमानतीचं निमित्त होतं. खरी भीती त्या काठाची होती. तो चढायचा म्हणजे चार माणसांसमोर रांगायचं, आणि रांगलं की झालं, दोन वर्षांचं सगळं पितळ उघडं. त्यापेक्षा ओढ्यात बसलेलं काय वाईट?

मग गुरुलिंगअप्पा आले. तेही जेवायला बोलावलेले, आणि दगडावरनं दगडावर उड्या मारत आले. "बिराजदार, हितं का बसलाव?"

"राखण करायलोय."

"वैनी कुठायत?"

"गेल्या पुढं."

"चालत?" अप्पांनी भुवया वर केल्या. "गुडघे त्यांचे दुखत्यात, आन् बसलाव तुमी?"

उत्तराची वाट न बघता ते पुढं गेले. आता हे कोपीपाशी पोचून काय काय सांगतील, याचा अंदाज बांधत महारुद्रराव अमेरिकन सीटवर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं, काठावरची माणसं आपापल्या पंगतीला गेली. वाऱ्याबरोबर भज्जीचा वास आला. तिकडं मळ्यामळ्यातनं पंगती बसल्याचे आवाज, इकडं पायाखाली पाणी. सहासष्टाव्या वर्षी माणसाला पाण्याच्या मध्यावर एकटं बसून भूक लागावी, यासारखी अपमानाची गोष्ट नाही.

बालाजी पळत आला. "काका, चला. पूजा खोळंबलीया. ईस मानसं बिनजेवनाची बसल्यात. जोडीबिगर काकू बसनात."

"तिला म्हणावं, माझ्या जागी सुपारी मांड. शास्त्रात चालतं."

बालाजी सुपारीचा निरोप घेऊन गेला. बऱ्याच वेळानं पलीकडच्या काठावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. महारुद्ररावांनी वर बघितलं, तर द्वारकाबाई. पाऊण किलोमीटर परत चालत आलेल्या, घामाघूम झालेल्या. मागं बालाजी.

"सुपारी मांडू म्हनलाव?"

"अगं, गाडी..."

"गाडीचं ऱ्हाऊ द्या. उतरा."

"तुला कळत नाही, ही दुसऱ्याची..."

"मला समदं कळतंय." बालाजीला जरा लांब जायला सांगून त्या काठावर बसल्या. "चाळीस वर्सं झाली संगं ऱ्हाऊन. सकाळी पलंगाला धरून उटताव, तोंडात पंचा धरून कन्हताव. मला काय ऐकू येत न्हाय व्हय?"

महारुद्ररावांनी हँडलवरचा हात काढला. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? समद्या गल्लीत माझे दुकत्यात म्हनून सांगत हुताव. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. दुकू द्या माझ्या नावावर. ह्यांची मान तरी ताठ ऱ्हाती."

"पण तू तर चालत गेलीस. म्हणजे मागच्या दोन वर्षी तुला येता आलं असतं."

"आलं असतं की. तुमाला घरी एकटं टाकून येऊ?" द्वारकाबाईंनी पदर कमरेला खोचला. "येवडं समदं केलं. पन सुपारीसंगं म्या पूजेला बसायची न्हाय."

महारुद्ररावांना रडू आलं. चक्क आलं. त्यांनी टोपीनं डोळे पुसले आणि पाय खाली टाकला. पाणी गार होतं. काठाशी आल्यावर वरनं द्वारकाबाईंनी हात दिला, खालनं परत आलेल्या बालाजीनं खांदा लावला, आणि ते रांगत, कण्हत, चिखलानं माखत एकदाचे वर आले. चार पावलं, बसणं, उठणं, पुन्हा चार पावलं. त्यांचा सगळा भार द्वारकाबाईंच्या खांद्यावर होता.

कोप दिसू लागली. वीस भुकेली माणसं उभी राहून बघत होती. गुरुलिंगअप्पा पुढं येऊन ओरडले, "वैनी, लई दुकायलंय का?"

"व्हय भावजी," द्वारकाबाई म्हणाल्या, "लई दुकायलंय. ह्यांनी धरलंय म्हनून चालायलेय."

महारुद्रराव थांबले. त्यांनी बायकोकडं बघितलं. तिचा पदर खांद्यावरनं त्यांच्या वजनानं ओढला गेला होता आणि ती शांतपणे समोर बघत होती.

"अप्पा," ते म्हणाले. "हिनं मला धरलंय. गुडघे माझे गेलेत. कधीचेच गेलेत."

गुरुलिंगअप्पांना त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा सल्ला सुचला नाही. ते पुढं आले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूचा दंड धरला.

"बोलायलाव काय उगंच," द्वारकाबाई पुटपुटल्या, पण पदरानं डोळे टिपत टिपत.

पूजेला खाली बसायचं होतं. एका बाजूनं हैदर, एका बाजूनं अप्पा, मागनं बालाजी अशा तिघांनी मिळून त्यांना द्वारकाबाईंच्या शेजारी खाली टेकवलं. महारुद्ररावांनी पांडवांना हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, आणि तिथंच पान वाढून मागितलं. पुन्हा उठायचं कसं, ते जेवण झाल्यावर बघू म्हणाले.